टॉर्च आडवी धरा: घर विकत घेण्याआधीची तपासणी

‘घर पाहावं बांधून’ असं म्हणतात. तयार घर विकत घेणाऱ्याच्या नशिबी तेवढंही नसतं. पाया खणला तेव्हा आपण तिथे नव्हतो. स्लॅबवर किती दिवस पाणी मारलं ते पाहिलेलं नाही. बाथरूमच्या लाद्यांखाली वॉटरप्रूफिंग केलंय की नुसताच सिमेंटचा हात फिरवलाय, तेही ठाऊक नाही. आपल्यासमोर असतात त्या रंगवलेल्या भिंती, आणि हाताशी असतात दोन-चार फेऱ्या. त्या फेऱ्यांतही आपण उजेड बघतो, वारा बघतो, पलंग कुठे बसेल त्याचा अंदाज घेतो. घराची तब्येत बघायची राहूनच जाते.

माझं पहिलं घर मी असंच घेतलं. आधीचे मालक सहा-सात महिने दुसरीकडे राहत होते, घर बंद होतं. भिंती खडखडीत कोरड्या, रंग ताजा. आम्ही राहायला गेलो, बाथरूम रोज वापरात आलं, आणि महिन्याभरात शेजारच्या बेडरूमच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, ताटाएवढा डाग उमटला. मग पोपडे सुटले. दोष होता बाथरूमच्या नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या पाणी जाण्याच्या भांड्याच्या सांध्यात. तो आधीही होताच, फक्त पाणी वापरलं जात नव्हतं म्हणून भिंत वाळली होती. लाद्या उखडून पुन्हा बसवाव्या लागल्या. त्या खर्चात आठ-दहा घरांची तपासणी झाली असती. तेव्हापासून बंद घर दाखवलं की मी आधी विचारतो, किती दिवसांपासून बंद आहे?

तपासणी म्हणजे काय, आणि काय नाही

घाईत तीन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात. कर्ज देणारी बँक आपला माणूस पाठवते तो मूल्यांकनासाठी: घर विकलं तर कर्ज वसूल होईल का, एवढंच त्याला बघायचं असतं. वकील कागद बघतो: मालकी कोणाची, घरावर कर्जाचा वगैरे बोजा आहे का. घराची तपासणी या दोन्हींहून वेगळी. स्थापत्याची जाण असलेला माणूस दोन-चार तास घरात फिरतो, छतावर चढतो, नळ सोडतो, विजेचा बोर्ड बघतो, ठोकून बघतो, वास घेतो, आणि फोटोंसह अहवाल लिहून देतो. तो भिंत फोडत नाही, लाद्या उचलत नाही. जे डोळ्यांना दिसतं आणि साध्या उपकरणांना कळतं, तेवढ्यावरून तो निष्कर्ष काढतो.

म्हणून ‘घर पास झालं का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. घर पास किंवा नापास होत नसतं. कुठे काय बिघडलंय, ते वाढणारं आहे का आणि निस्तरायला साधारण काय लागेल, हे कळतं. आणि हे सगळं ‘नको’ म्हणायची मुभा आपल्या हातात असताना कळतं. माझ्या मते फीचे पैसे मुख्यतः या वेळेसाठी असतात. तीच माहिती किल्ल्या घेतल्यावर महिन्याने फुकट मिळते, पण तेव्हा तिचा उपयोग फक्त चिडायला होतो.

आधी वेळ ठरवा

किंमत तोंडी ठरली आहे, पण व्यवहार अजून पक्का नाही, ही तपासणीची वेळ. त्याआधी केली तर पाच घरं बघताना पाच फिया भरणार. नंतर केली तर इसाऱ्याचे पैसे अडकलेले. इसारा देण्याआधी जमत नसेल तर करारात एक वाक्य घालून घ्या: अमुक दिवसांत खरेदीदार तपासणी करून घेईल, आणि मोठा दोष निघाल्यास इसारा परत घेऊन व्यवहारातून बाहेर पडू शकेल. याचे कायदे जागोजागी निराळे असतात. त्यामुळे हे वाक्य आपल्या वकिलाकडून लिहून घ्या, विक्रेत्याच्या छापील मसुद्यावर भिस्त ठेवू नका.

विक्रेता म्हणाला, ‘तपासणी कशाला, मी आहे ना!’ तर हसून विषय पुन्हा काढावा. दुसऱ्यांदाही नाही म्हणाला, तर तेवढ्या नकारातच बरंच कळलं असं मी समजतो.

माणूस निवडताना

दलालाने सुचवलेला तपासनीस वाईटच असतो असं नाही, पण त्याला पुढचं काम दलालाकडूनच यायचं असतं. व्यवहार मोडणारा अहवाल लिहिताना त्याची लेखणी थोडी मऊ होणं स्वाभाविक आहे. उलट बाजूही आहे. ‘फुकट तपासणी’ करून देणारा वॉटरप्रूफिंगवाला ओल शोधून काढणारच, आणि त्यावर त्याचंच औषध सांगणार. तपासणारा आणि दुरुस्त करणारा वेगळा असावा.

पात्रता, अनुभव, परवाना लागत असेल तर तो, हे विचारालच. त्याहून उपयोगी म्हणजे त्याचा एक जुना अहवाल मागा, नाव-पत्ता झाकून. त्यात नुसत्या ‘ठीक’ आणि ‘ठीक नाही’ अशा खुणा असतील तर नमस्कार करा. चांगल्या अहवालात दोष नेमका कुठे, फोटो, कारणाचा अंदाज, किती तातडीचं आणि पुढे कोणाला दाखवायचं हे असतं. मग विचारा: गच्चीवर चढणार का? पाइपांच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत, डोकावणार का? विजेच्या बोर्डाचं झाकण उघडणार का? मी बरोबर फिरलो तर चालेल ना? या शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेणारा माणूस नकोच. त्याच्याशी होणारा करारही वाचा. चूक झाल्यास आपली जबाबदारी घेतलेल्या फीपुरतीच, असं कलम पुष्कळदा असतं.

त्याआधी तुमची एक फेरी

तपासनीस येण्याआधी, शक्यतो वेगळ्या वेळी, एकदा स्वतः जाऊन या. आधी दुपारी पाहिलं असेल तर संध्याकाळी, आणि पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जायला मिळालं तर उत्तमच.

दार उघडल्यावर पहिला श्वास महत्त्वाचा. कुबट वास दोन मिनिटांत नाकाच्या सवयीचा होतो, मग येत नाही. सगळीकडे सुगंधी फवारा मारलेला असेल तर खिडक्या उघडून तासाभराने परत या. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकाच कोपऱ्याला ताजा हात दिसला, तर तो कोपरा वहीत टिपा. भिंतीला चिकटून ठेवलेलं मोठं सामान, विनाकारण अंथरलेला गालिचा, छताला नुकतंच लावलेलं फॉल्स सीलिंग, हेही टिपा. प्रत्येक वेळी लपवाछपवीच असते असं नाही, पण मागे काय आहे ते बघायला मागायचा तुम्हाला हक्क आहे.

पाण्याचा मीटर असेल तर घरातले सगळे नळ बंद करून आकडा लिहून घ्या आणि अर्ध्या तासाने परत बघा. आकडा पुढे गेला असेल तर कुठेतरी गळती आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका. फ्लश न करता पंधरा-वीस मिनिटांत भांड्यात रंग उतरला तर झडप गळते. ही किरकोळ दुरुस्ती, पण मालकांनी घर कसं सांभाळलं त्याचा अंदाज येतो.

तपासणीच्या दिवशी बरोबर फिरा

अहवाल ईमेलने येणारच आहे, मग सुट्टी कशाला घ्यायची, असं वाटतं. घ्या सुट्टी. कागदावर ‘भिंतीत ओलावा’ या दोन शब्दांत सात प्रकारची ओल मावते. तिथे उभं राहून विचारलं की तोच माणूस सांगतो, ‘हे माझ्या घरात असतं तर मी पुढच्या वर्षी बघितलं असतं,’ किंवा ‘याला हात लावल्याशिवाय राहायला येऊ नका.’ लेखी अहवालात हा सूर उतरत नाही.

दुसऱ्या घराच्या वेळी मी ज्यांना नेलं, त्यांनी हॉलमध्ये शिरताच दिवे बंद करायला सांगितले, पडदे ओढले आणि खिशातून साधी टॉर्च काढली. ती भिंतीवर समोरून न मारता त्यांनी भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवी धरली. मघाशी काचेसारखी गुळगुळीत दिसणारी भिंत एकदम डोंगरदऱ्यांची झाली. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी खाली उतरणारी, तीन बोटं रुंद पट्टी दिसली. तिथे पुट्टी भरून घासलं होतं. त्यांनी तिथे बोटाच्या पेराने ठोकलं, मग हातभर बाजूला ठोकलं. एका जागी भरीव आवाज, एका जागी पोकळ. ‘भेग बुजवलीय. कधी आणि का, ते मालकांना विचारा.’ एवढंच बोलून ते पुढच्या भिंतीकडे वळले. ही टॉर्चची युक्ती तुम्हालाही जमेल, त्याला पदवी लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ पाण्याला द्या

घराचे बहुतेक मोठे दोष खणत गेलं की पाण्यापाशी जाऊन थांबतात. सळ्या गंजतात पाण्यामुळे, वाळवी येते ओलाव्यावर, रंग, गिलावा, लाकूड, वायरिंग, सगळ्यांचा शत्रू एकच. म्हणून फेरी वरून सुरू करावी. गच्ची किंवा छप्पर आधी: पाण्याला उतार कुठे आहे, पाणी तुंबल्याचे गोल डाग आहेत का, पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅब जुळतात त्या कोपऱ्यात भेग आहे का, पाणी जाण्याची भोकं पानांनी बुजली आहेत का. कौलारू किंवा पत्र्याचं छप्पर असेल तर आतून वर बघा. दिवसाउजेडी आभाळाचे ठिपके दिसतात, वाशांवर काळे ओघळ दिसतात.

मग बाहेरच्या भिंती. छज्जाखाली, खिडक्यांच्या चौकटीभोवती, पाइप भिंतीत शिरतो तिथे. घराभोवतीची जमीन भिंतीपासून दूर उतरती हवी. भिंतीकडे उतरत असेल तर प्रत्येक पावसाचं पाणी पायाला भेटायला येणार.

आत आल्यावर ओल कुठून येते ते तिच्या जागेवरून आणि आकारावरून कळतं. जमिनीतून चढणारी ओल तळापासून सुरू होते आणि साधारण मीटरभर उंचीवर जाऊन थांबते. तिच्या वरच्या कडेला पांढरी खारट भुकटी दिसते, ज्याला आपण लोणा लागला म्हणतो. पाण्याबरोबर चढलेले क्षार पाणी उडून गेल्यावर मागे राहतात, ते हे. छताच्या मध्यावर गोल डाग असेल तर वरच्या मजल्यावरचा पाइप किंवा बाथरूम. डागाची कड तपकिरी आणि एकात एक वर्तुळं असतील तर ते पुन्हापुन्हा भिजून वाळलंय. बाहेरच्या भिंतीच्या थंड कोपऱ्यात, कपाटामागे, काळे ठिपके असतील तर पुष्कळदा ती गळती नसतेच. घरातली दमट हवा थंड भिंतीवर निवते, तिथे बुरशी धरते. त्यावर उपाय आहे हवा खेळती ठेवणं. त्या भिंतीला बाहेरून महागडं वॉटरप्रूफिंग करून बुरशी जात नाही. नेमकं हे निदान चुकतं म्हणून लोक दोन-दोनदा पैसे घालवतात.

ओलावा मोजायचं यंत्र तपासनीसाकडे असतं. दोन टोकं भिंतीला टेकवली की आकडा येतो. ते विजेच्या वहनावरून ओलावा ओळखतं, म्हणून क्षार साचलेल्या, आता वाळलेल्या भिंतीतही आकडा फुगतो. एका आकड्याने घाबरू नका. तीच भिंत वर, खाली, बाजूला मोजून तुलना करायला सांगा. थर्मल कॅमेऱ्याचंही तसंच. तो भिंतीच्या आत बघत नाही, पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. ओली जागा पाणी उडताना थंड होते म्हणून ती वेगळ्या रंगात दिसते. कॅमेरा बोट दाखवतो, खात्री दुसऱ्या मार्गाने करावी लागते.

बाथरूममध्ये बादलीभर पाणी कोपऱ्यात ओता आणि ते जाळीकडे जातं की तिथेच घुटमळतं ते बघा. नाण्याने लाद्या वाजवा. पोकळ वाजणाऱ्या लादीखाली पाणी साचायला जागा आहे. सिंकखाली गुडघे टेकून टॉर्च मारा, पाइपाच्या सांध्यावर कोरडा टिश्यू पेपर दाबून बघा. वरचा शॉवर, बेसिन आणि किचनचा नळ एकाच वेळी सोडा. धार एकदम बारीक झाली, किंवा पहिलं पाणी तांबूस आलं, तर जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झाले असण्याचा संभव आहे. घर बंद असेल तर तपासणीच्या आदल्या दिवशी पाणी भरपूर वापरायची परवानगी मागा. गच्चीबद्दल गंभीर शंका असेल तर पाणी अडवून निदान २४ तास साचवून ठेवायची चाचणी करता येते, मात्र त्याला मालकाची आणि खाली राहणाऱ्यांची संमती हवी.

भेगा: घाबरायच्या आणि न घाबरायच्या

भेग दिसली की नवखा खरेदीदार पांढरा पडतो. खरं तर गिलाव्यातल्या केसासारख्या, जाळीदार भेगा बहुतेक घरांत असतात. गिलावा वाळताना आकसतो. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने भिंतींच्या भेगांची जी वर्गवारी केली, ती जगभर मोजपट्टीसारखी वापरली जाते: ०.१ मिलिमीटरपर्यंतची भेग नगण्य, १ मिलिमीटरपर्यंतची अगदी किरकोळ, ५ मिलिमीटरपर्यंतची भरून रंगवता येण्याजोगी, ५ ते १५ म्हणजे भिंत थोडी उघडून दुरुस्त करायची, १५ ते २५ म्हणजे काही भाग पाडून बांधायचा आणि २५ च्या पुढे रचनेलाच धोका.

पण नुसत्या रुंदीवर जाऊ नका. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला निमुळती होत जाणारी भेग पाया एका बाजूला खचल्याचं सांगू शकते. विटांच्या भिंतीत ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. त्याच खोलीतलं दार आपोआप उघडत किंवा मिटत असेल, जमिनीवर ठेवलेली गोटी एकाच दिशेला घरंगळत असेल, तर या तिन्ही गोष्टी एकत्र वाचायच्या. भेगेच्या आत बघा: आत धूळ, जुना रंग, कोळ्याचं जाळं असेल तर ती जुनी. कडा धारदार आणि आतून स्वच्छ असेल तर ताजी. आधी बुजवलेली भेग पुन्हा उघडली असेल तर हालचाल अजून चालू आहे, आणि मग पुढच्या शंकांसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा.

काँक्रीटच्या घरात मला भिंतीतल्या भेगेपेक्षा बीम आणि कॉलमच्या कडेने, सळईच्या रेषेत गेलेली भेग जास्त सतावते. चांगल्या काँक्रीटचा पीएच, म्हणजे आम्ल-क्षारपणाचं माप, १२.५ ते १३ च्या आसपास असतो, आणि त्या क्षारीपणात सळई सुरक्षित असते. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपत जातो आणि क्षारीपणा उतरतो. मग ओलावा पोचला की गंज सुरू. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा घेतो. तो आतून काँक्रीट ढकलतो, आधी भेग पडते, मग खपली निघते, मग सळई उघडी दिसते. खपलीवर सिमेंट लिंपून रंग दिला की वर्ष-दोन वर्षं छान दिसतं, आत गंज आपलं काम करतच असतो. बाल्कनीच्या स्लॅबचा खालचा भाग आणि बाथरूमचं छत या दोन जागा आवर्जून बघा.

शंका आली तर पुढच्या चाचण्या आहेत. श्मिट हॅमर काँक्रीटवर आपटून किती उसळतो त्यावरून पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट श्मिट या इंजिनिअरने तो बनवला. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहरींचा वेग मोजतात. मला सगळ्यात बोलकी वाटते ती फिनॉल्फ्थॅलिनची. ताज्या फोडलेल्या तुकड्यावर हे द्रावण शिंपडलं की निरोगी काँक्रीट गर्द गुलाबी होतं आणि क्षारीपणा गेलेला भाग तसाच करडा राहतो. करड्या पट्ट्याने सळई गाठलीय की नाही, हे डोळ्यांसमोर दिसतं.

वीज, वाळवी आणि बाकीचं

विजेचं काम मी थोडक्यात सांगतो, कारण ते स्वतः करायचं नसतं. बोर्डात एमसीबीबरोबर (जास्त भार आला की पडणारा स्विच) गळतीचा करंट तोडणारा आरसीसीबी आहे का? माणसाच्या संरक्षणासाठी तो साधारण ३० मिलिअँपिअरचा असतो, आणि त्यावरचं चाचणीचं बटण दाबलं की लगेच पडायला हवा. अर्थिंग आहे का, की तीन पिनांच्या सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे? स्विचच्या कडेला तपकिरी झळ, बोर्डाजवळ जळका वास, आरसीसीबी काढून थेट जोडणी, यातलं काहीही निघालं तर वायरिंगवाल्याचा वेगळा अंदाज घ्या. पूर्ण घराचं वायरिंग बदलणं म्हणजे सगळ्या भिंती खणणं, हे विसरू नका.

वाळवीसाठी चौकटींचा खालचा भाग, माळा, जिन्याखालचा कोपरा. पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या दिसल्या तर झालं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लाकडात लोण्यासारखं शिरत असेल तर आत काही उरलेलं नाही. खूप जुनं घर असेल तर रंगातलं शिसं आणि पत्र्यांतलं किंवा पाइपांच्या वेष्टणातलं ॲस्बेस्टॉस (धूळ फुप्फुसांना घातक असणारं तंतुमय खनिज) हे दोन प्रश्न वेगळे विचारा. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर बंदी घातली १९७८ साली, ब्रिटनने ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली १९९९ साली. अशा वस्तू आहेत तशा राहिल्या तर धोका कमी. दुरुस्ती करताना खरवडल्या, कापल्या की त्यांची धूळ होते. बिजागऱ्या, कड्या, हँडल, निघालेलं ग्राउटिंग, यावर तपासनीसाचा वेळ घालवू नका.

फ्लॅट घेत असाल तर चार भिंतींबाहेर या

फ्लॅट कितीही चांगला असला तरी तो इमारतीच्या पायावर, गच्चीवर आणि ड्रेनेजवर उभा असतो. तळमजल्याचे कॉलम, पाण्याची टाकी, पार्किंगचं छत, पाइपांचा डक्ट एकदा बघाच. इमारतीचे जुने तपासणी-अहवाल आणि सभांची इतिवृत्तं मागून वाचा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथे चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही १२ मजली इमारत २४ जून २०२१ रोजी अर्धीअधिक कोसळली, ९८ माणसं गेली. पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबला उतार नाही, वॉटरप्रूफिंग निकामी झालंय आणि खालच्या काँक्रीटचं नुकसान होतंय, हे एका इंजिनिअरने २०१८ सालीच लिहून दिलं होतं. पडण्यामागची कारणं हा स्वतंत्र तपासाचा विषय, पण अहवाल कागदावर होता. मधल्या तीन वर्षांत तिथे फ्लॅट घ्यायला आलेल्याने तो मागून वाचायला हवा होता.

नव्या कोऱ्या घरालाही हे लागू आहे. नव्याची खोट वेगळी असते: उलटा उतार, अर्धवट जोडलेला पाइप, मिस्त्रीने सिमेंटच्या गोण्यांचे तुकडे ढकलून तुंबवलेली ड्रेनेज लाइन. जुन्या घराने निदान दहा पावसाळे काढून दाखवलेले असतात.

अहवाल आल्यावर

अहवाल चाळीस-पन्नास पानांचा येतो आणि पहिल्या वाचनात घर उद्या पडणार असं वाटतं. तपासनीसाला सगळं लिहावंच लागतं, सैल कडीपासून खचलेल्या पायापर्यंत, एकाच अक्षरात. एक रात्र जाऊ द्या. मग प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारा: हे आहे तिथे थांबलेलं आहे, की वाढत जाणारं? तुटलेली लादी दहा वर्षं तुटलेलीच राहील. ट्रॅपची गळती दहा वर्षांत स्लॅब खाईल. वाढणाऱ्या नोंदी पाच-सहाच निघतात. त्यांच्यासाठी त्या-त्या कामाच्या माणसाकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्या, शक्यतो दोघांकडून.

मग विक्रेत्याशी बोला. ‘घरात खूप प्रॉब्लेम आहेत’ म्हटलं की तोही बाह्या सरसावतो. फोटो, नोंद आणि दुरुस्तीचा अंदाज समोर ठेवला की बोलणं आकड्यावर येतं. विक्रेत्याने दुरुस्त करून द्यावं की किंमत कमी करावी? मी बहुतेक वेळा किंमत कमी करून घेतो. घर सोडून जाणारा माणूस सगळ्यात स्वस्त मिस्त्री आणणार आणि वरून रंगाचा हात देणार, त्यात त्याचा दोष नाही, त्याला तिथे राहायचंच नाही. अपवाद एक: दोषाचं मूळ तुमच्या हद्दीबाहेर असेल, म्हणजे वरच्यांचं बाथरूम किंवा सामाईक गच्ची, तर ते काम व्यवहाराआधी पूर्ण व्हायला हवं, किंवा कोण कधी करणार ते लेखी मिळायला हवं. ताबा घेतल्यावर वरच्यांच्या दारावर थाप मारायची पाळी तुमच्यावर येते.

सोडून द्यायचं कधी? पाया अजून हलतोय असं इंजिनिअर म्हणाला, दुरुस्तीचा आकडा कोणी छातीठोक सांगेना, किंवा विक्रेत्याने माहीत असलेली गोष्ट लपवल्याचं सिद्ध झालं तर मी उठतो. फी गेली, पण घर गळ्यात पडलं नाही. माझं त्या टॉर्चवाल्या भिंतीचं घर मात्र मी घेतलं. मालकांनी विचारल्यावर सरळ सांगितलं, पलीकडच्या प्लॉटवर खोदकाम झालं तेव्हा भेग पडली होती, आणि तेव्हाच्या दुरुस्तीची पावती काढून दिली. इंजिनिअरने भेगेवर काचेची पट्टी चिकटवली, ती सहा आठवडे तडकली नाही, म्हणजे भेग हलत नव्हती.

ताबा घ्यायच्या दिवशी, सामान हललेल्या मोकळ्या घरात, अहवाल हातात घेऊन शेवटची फेरी मारा. कबूल केलेल्या दुरुस्त्या झाल्यात का, कपाटांमागे नवीन काही निघालं का. सगळे नळ एकदम सोडा, दहा मिनिटांनी सिंकखाली आणि शेजारच्या खोलीच्या स्कर्टिंगवर हात फिरवा. हात कोरडा आला की किल्ल्या घ्या.